इंदिराबाई, तुम्हाला फक्त जीपगाड्यांबद्दल विचारलं!

श्रीमती इंदिरा गांधी, माजी पंतप्रधान, यांस,



पत्र फार उशिरा लिहितो आहे, याची कल्पना आहे. ३१ ऑक्टोबर १९८४ ला तुम्ही गेलात, आणि गेलात त्या प्रकाराने तुमच्या विरोधकांनीही मान खाली घातली. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, ही आपल्याकडची रीत मलाही ठाऊक आहे. वाईट बोलणारच नाही. उलट, तुमच्यावर एक फार मोठा अन्याय झाला, त्याबद्दल सहानुभूती व्यक्त करायची आहे. तुमची चौकशी झाली, दोनदा अटक झाली, एक आयोग बसला, खास न्यायालयं निघाली. आणि या सगळ्या गदारोळात तुम्हाला विचारायचा तो प्रश्न विचारायचं मात्र कुणी मनावर घेतलं नाही.

मी राहतो महादेवपुऱ्यात. तुमच्या काळात ही बंगळूरबाहेरची वस्ती होती. नाचणीची शेतं, तळी आणि व्हाइटफील्डकडे जाणारा रस्ता. आता त्याच रस्त्यावर काचेच्या इमारती आहेत, आणि पुणे-सोलापूर-कोल्हापूरहून आलेली आमची पोरं त्यात बसून दिवसरात्र परदेशातल्या कंपन्यांची कामं उरकतात. तुमच्या वेळची एक खूण मात्र जवळच आहे. ती म्हणजे दूरवाणीनगर, आयटीआयचा कारखाना. देशभरातले ते काळे, जड, तबकडीचे टेलिफोन तिथे बनायचे. आणीबाणी लागली त्या, २५ जून १९७५ च्या, रात्री दिल्लीतल्या छापखान्यांची वीज तोडली ती तोंडी हुकमावर. पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगासमोर अधिकाऱ्यांच्या रांगा लागल्या आणि कितीतरी जणांनी तेच पालुपद लावलं: हुकूम तोंडी होता, फोनवर आला होता, कागद नाही. ते वाचताना शेजारच्या कारखान्याविषयी ऊर भरून येतो. तुमचं सरकार ज्या यंत्रावर चाललं, त्याचा माल आमच्या शेजारी तयार होत होता.

आता महादेवपुऱ्यातून पर्पल लाइनची मेट्रो धरली की थेट विश्वेश्वरय्या स्टेशनला उतरता येतं, आणि तिथून फ्रीडम पार्क हाकेच्या अंतरावर. आमच्या ऑफिसातल्या मुलांना वाटतं, ही एक बाग आहे. बागच आहे. १८६७ साली बांधलेलं बंगळूरचं मध्यवर्ती कारागृह इथे होतं. कैदी परप्पन अग्रहारला हलवले, आणि उरलेल्या भिंती रंगवून २००८ मध्ये लोकांना फिरायला खुल्या केल्या. अलीकडे शहरात कुणाला निदर्शनं करायची असतील तर परवानगी याच एका ठिकाणी मिळते. सरकारला विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं?

या तुरुंगात तुमची पाहुणेमंडळी होती. संसदीय समितीच्या कामासाठी बंगळुरात आलेले आणि २६ जून १९७५ ला पकडलेले वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि आमचे मधू दंडवते. दंडवत्यांच्या पत्नी प्रमिलाताई त्याच वेळी येरवड्यात. नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्या. या चौघांना इथे कुणी मारलं नाही, हे सांगायला हवं. मोठ्या नावांना पुस्तकं मिळत, बॅडमिंटन मिळे. पण रात्र झाली की बायकांच्या विभागातून एका बाईच्या किंकाळ्या ऐकू येत, असं दंडवते पुढे सांगत. ती बाई म्हणजे स्नेहलता रेड्डी.

तुम्हाला हे नाव आठवायला हवं, कारण तुमच्याच सरकारने तिच्या सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक दिलं होतं. १९७० चा ‘संस्कार’; त्यातली चंद्री ती. यू. आर. अनंतमूर्तींच्या कादंबरीवर तिचे पती पट्टाभिराम रेड्डी यांनी काढलेला. लोहियांच्या विचारातली माणसं, समाजवादी नेते जॉर्ज फर्नांडिसांची मित्रमंडळी. जॉर्ज भूमिगत होते, सापडत नव्हते. मग जी सापडत होती ती माणसं उचलायला सुरुवात झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फरक इतकाच की इथे चोर कोण, हेही सरकारनेच ठरवलेलं होतं.

आधी जॉर्जचा धाकटा भाऊ लॉरेन्स. १ मे १९७६ ला त्याला बंगळुरातल्या घरातून नेलं. राजकारणात नसलेला माणूस. गुन्हा एकच, भाऊ कुठे आहे हे सांगत नव्हता. कित्येक दिवस त्याच्या अटकेची कुठे नोंद नाही, न्यायाधीशासमोर उभं करणं नाही. त्याच्या आईने, ॲलिस फर्नांडिस यांनी, राष्ट्रपतींना पत्र लिहून मुलाला काय काय केलं ते कळवलं. काठ्या तुटेपर्यंत मारलं होतं, धावत्या रेल्वेखाली टाकण्याची धमकी दिली होती. आईच्या नजरेला पडला तेव्हा दोघांच्या आधाराशिवाय त्याला हलता येत नव्हतं. राष्ट्रपती होते फक्रुद्दीन अली अहमद. अर्ध्या रात्री कागद पुढे आला की सही करण्यात ते तत्पर होते, दिवसा आलेल्या पत्रांबाबत तेवढे नसावेत.

दुसऱ्या दिवशी, २ मे ला, स्नेहलता. तिला जुना दमा. कोंदट कोठडी, एकटीची. औषधोपचार अधूनमधून, तुरुंगाच्या मर्जीने. ती दोनदा दम्याने बेशुद्ध पडली. तुरुंगात जाणाऱ्या बाईची झडती कशी घेतात, माणसाची लाज कशी काढतात, हे तिने तिथल्या डायरीत लिहून ठेवलं आहे. त्याच डायरीत इतर कैदी बायकांच्या जेवणाची आणि त्यांना होणाऱ्या मारहाणीची तक्रार आहे. म्हणजे श्वास लागत असतानाही ही बाई दुसऱ्यांसाठी भांडत होती. असल्या माणसांना कसं सुधारायचं हा खरंच प्रश्न असेल तुमच्यापुढे. जॉर्जवरच्या बडोदा डायनामाइट खटल्याचं आरोपपत्र झालं, त्यात पंचवीस नावं होती. तिचं नव्हतं. तरी मिसा या विनाचौकशी स्थानबद्धतेच्या कायद्याखाली ती आतच. १५ जानेवारी १९७७ ला पॅरोलवर सोडलं, तेव्हा तिच्यात फारसं काही उरलं नव्हतं. १८ जानेवारीला तुम्ही रेडिओवरून निवडणुका जाहीर केल्यात. २० जानेवारीला ती गेली. लोकशाही परत आली, पण दोन दिवसांत तिला घरपोच कशी मिळणार?

आता तुमची बाजू. तुमच्या बाजूने बोलायला माणसं कमी नव्हती. आमच्या विनोबांना त्यात अनुशासनपर्व दिसलं. पण त्याहून मोठा आधार तुम्हाला सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि तारीख बघा: २८ एप्रिल १९७६. लॉरेन्सला उचलण्याच्या तीनच दिवस आधी. नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं की अटक बेकायदा असेल तर आम्ही बघू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं, नाही बघता येणार. सुनावणीत न्या. खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं की पोलिसाने वैयक्तिक वैरातून एखाद्याचा जीव घेतला तर? डे म्हणाले, आणीबाणी आहे तोवर त्यावरही इलाज नाही. न्या. बेग यांनी तर निकालपत्रात लिहून ठेवलं की स्थानबद्धांना चांगलं घर, चांगलं अन्न, चांगली वागणूक मिळते आहे आणि सरकारची ही काळजी जवळपास आईच्या मायेची आहे. आमच्या पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी भीतीदायक गोष्टी घडणार नाहीत अशी हिऱ्यासारखी लख्ख आशा प्रकट केली. चौथ्या दिवशी स्नेहलता कोठडीत होती, आईच्या मायेत. ‘नाही’ म्हणणारे एकटे खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून तुम्ही सरन्यायाधीशपद बेगना दिलंत. माया कशी परत फेडावी हे तुमच्याकडून शिकावं.

(यशवंतरावांचा तो निकाल त्यांच्या मुलानेच, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी, २०१७ मध्ये मोडीत काढला. आणि ज्या खटल्यात काढला तो दाखल केला होता बंगळूरच्याच एका निवृत्त न्यायमूर्तींनी, पुट्टस्वामींनी. चाळीसेक वर्षं लागली. आमच्याकडे रस्त्यावरचा खड्डा बुजायलाही वेळ लागतो, त्यामुळे तक्रार नाही.)

लॉरेन्सच्या पाठीत काठी घाला असं तुम्ही सांगितलंत, असं मी म्हणत नाही. तसा कागद नाही. स्नेहलताचं औषध अडवा, असाही नाही. तुरुंग कर्नाटक सरकारचा, पोलीस कर्नाटकचे, मुख्यमंत्री देवराज अर्स. तुम्ही सफदरजंग रोडवर. राजा बोले दळ हाले, ही जुन्या काळची गोष्ट झाली; तुमच्या काळात राजाला बोलायचीही गरज नव्हती. तुम्ही फक्त दारं बंद केलीत. २७ जून १९७५ च्या आदेशाने जीविताच्या हक्काचं कलम २१ घेऊन कोर्टात जायची वाट बंद. मिसा दुरुस्त करून अटकेची कारणं सांगायची सक्ती बंद. वर्तमानपत्रं सेन्सॉरने बंद. मग ठाण्यातल्या शेवटच्या हवालदाराला काय कळलं असेल? की आज रात्री या खोलीत मी काहीही केलं तरी उद्या सकाळी मला कुणी विचारणार नाही. छळाची परवानगी अशीच दिली जाते. तिच्यावर सही कुणीच करत नाही, म्हणून तर ती कुणी दिली याचा शोध वरून खाली घ्यायचा असतो. खालून वर गेलं तर पहिल्या हवालदारापाशीच गाडी थांबते.

आता तुमच्या चौकशीची मौज ऐका, अर्थात तुम्ही ती प्रत्यक्ष भोगलीच आहे. ३ ऑक्टोबर १९७७ ला जनता सरकारातल्या चरणसिंगांच्या गृहखात्याने सीबीआय तुमच्या दारी पाठवली. आरोप काय? निवडणुकीसाठी मिळवलेल्या जीपगाड्या आणि एका फ्रेंच कंपनीला दिलेलं तेलाचं कंत्राट. एक लाखावर माणसं विनाचौकशी डांबलेली. शाह आयोगाच्या हिशेबात मिसाखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८. त्यात आमच्या महाराष्ट्राचे मिसावाले ५,४७३. आणि पंतप्रधानांना विचारलं जीपबद्दल! हातकड्या घाला म्हणून तुम्ही दारातच हट्ट धरलात, तेव्हा मनातल्या मनात हसू आलं असेल. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशाने पुराव्याअभावी सोडून दिलं. डिसेंबर १९७८ मध्ये लोकसभेने तुम्हाला आठवडाभर तिहारला धाडलं, ते मारुती कारखान्याची माहिती गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांना त्रास दिल्याबद्दल. म्हणजे पहिल्यांदा जीप, दुसऱ्यांदा मारुती. तुमच्याविरुद्ध देशाची तक्रार वाहनांपलीकडे गेलीच नाही. आमच्या अर्सांवरही आयोग बसला, ग्रोव्हर आयोग; त्याने भ्रष्टाचार तपासला. त्यांच्या तुरुंगात एक नटी गुदमरत होती, हा भ्रष्टाचारात बसत नसावा.

शाह आयोग तेवढा गंभीर होता. न्या. शाह यांनी तीन अहवाल दिले, आणीबाणीचा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता तुम्ही एकट्यांनी घेतला हे नोंदवलं, तुरुंगांतल्या हालांबद्दलही लिहिलं. तुम्ही त्यांच्यापुढे आलात आणि शपथ घ्यायला नकार दिलात. शपथेवर खोटं बोलण्यापेक्षा शपथच न घेणं केव्हाही प्रामाणिकपणाचं. १९८० मध्ये तुम्ही परत आलात आणि त्या अहवालाच्या प्रती दिसेनाशा झाल्या. २०१० मध्ये तमिळनाडूचे जुने खासदार एरा सेळियन यांनी आपल्याकडची जपलेली प्रत छापली, म्हणून आज आम्ही आकडे तरी देऊ शकतो.

मधल्या काळात आम्ही कर्नाटकवाल्यांनी काय केलं, तेही कबूल केलं पाहिजे. १९७७ मध्ये सारा उत्तर भारत तुमच्यावर उलटला तेव्हा या राज्याने २८ पैकी २६ जागा तुम्हाला दिल्या. स्नेहलताला जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. १९७८ मध्ये चिकमगळूरने तुम्हाला लोकसभेत परत पाठवलं. जॉर्ज तिथे जीव तोडून फिरले, वीरेंद्र पाटील सत्तर हजारांवर मतांनी पडले. लोकांना दोष देऊन काय उपयोग? ज्यांनी चौकशी करायची त्यांनीच तिचा तमाशा केला होता. तुम्हाला अटक करणारे चरणसिंग १९७९ मध्ये तुमच्याच पाठिंब्यावर पंतप्रधान झाले, आणि खटले मागे घेईनात म्हणून तुम्ही तो पाठिंबा काढून घेतलात. न्यायाची किंमत किती खासदार, याचा भाव त्या ऑगस्टमध्ये उघड लागला होता.

नेत्याला जाब विचारता येतच नाही, असं मात्र नाही. शेजारच्या केरळात राजन नावाच्या इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्याला १ मार्च १९७६ ला पोलिसांनी नेलं. कक्कयमच्या छावणीत तो मेला. त्याच्या वडिलांनी, ईचर वारियर या हिंदीच्या प्राध्यापकांनी, आणीबाणी उठताच हायकोर्टात धाव घेतली: माझा मुलगा हजर करा. आणीबाणीतले गृहमंत्री करुणाकरन तोवर मुख्यमंत्री झाले होते. मुलाला ताब्यात घेतलंच नव्हतं, हे सरकारी प्रतिज्ञापत्र खोटं ठरलं आणि २५ एप्रिल १९७७ ला, महिनाभरातच, त्यांना खुर्ची सोडावी लागली. एका बापाने योग्य प्रश्न योग्य जागी विचारला, एवढंच. करुणाकरन पुढे पुन्हा मुख्यमंत्री झाले, तेही एकापेक्षा जास्त वेळा. ते सोडून द्या. बापाला मुलाचा देह शेवटपर्यंत मिळाला नाही, तेही सोडून द्यायचं का, ते तुम्ही सांगा.

जगातही दोन्ही नमुने आहेत. अर्जेंटिनात लष्करशहा जनरल विदेलाला १९८५ मध्ये जन्मठेप झाली, मग माफी मिळाली, मग पुन्हा खटला चालला. २०१३ मध्ये तो तुरुंगातच मेला. अमेरिकेत ओबामांनी २००९ मध्ये छळाच्या चौकशीबाबत मागे बघण्यापेक्षा पुढे बघू या म्हटलं. २०१४ मध्ये सिनेटचा छळाबद्दलचा अहवाल आला, तेव्हा माजी उपाध्यक्ष चेनी टीव्हीवर येऊन सांगून गेले की वेळ आली तर पुन्हा हेच करीन. पुढे बघणाऱ्या देशात मागचा माणूस असा निवांत असतो.

आणि आपल्याकडे? तुमच्या पाहुण्यांचंच बघा. दंडवते रेल्वेमंत्री झाले, त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम घातला; गरिबाच्या पाठीची आठवण ठेवणारा तेवढा एक निघाला. वाजपेयी पंतप्रधान, अडवाणी गृहमंत्री, जॉर्ज संरक्षणमंत्री, असं सरकार आलं आणि त्याने २००२ मध्ये पोटा हा दहशतवादविरोधी कायदा आणला. त्यात पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालणार होती. ज्याच्या भावाच्या अंगावर काठ्या मोडल्या तो माणूस त्या मंत्रिमंडळात होता! पोलीस कोठडीत कबुली कशी मिळते हे त्याला ठाऊक नव्हतं म्हणावं तर ते फार लाजिरवाणं, आणि ठाऊक होतं म्हणावं तर त्याहून. त्याच वर्षी डिसेंबरात परभणीचा ख्वाजा यूनुस, सॉफ्टवेअर इंजिनियर, घाटकोपर स्फोटाच्या प्रकरणात पोटाखाली पकडला गेला. आमच्या महादेवपुऱ्यात खपून गेला असता असा मुलगा. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. तो पळाला नव्हता. कोठडीतच मेला होता, हे नंतर सीआयडीच्या तपासात निघालं. बऱ्याच अधिकाऱ्यांवर खटला भरायला राज्य सरकारने परवानगीच दिली नाही. ती परवानगी नाकारणाऱ्यांत तुमच्याच पक्षाचे लोक होते, हे जाता जाता.

कर्नाटकात म्हणाल तर वीरप्पनला पकडायला निघालेल्या विशेष कृती दलाने माले महादेश्वराच्या डोंगरात आदिवासींचं जे केलं, त्याबद्दल मानवाधिकार आयोगाने २००७ मध्ये ८९ जणांना २ कोटी ८० लाख द्यायला लावले. पैसे करदात्यांचे. हुकूम देणाऱ्या मंत्र्यांना कुणी बोलावलंही नाही.

तेव्हा बाई, प्रश्न आता तुमचा राहिलेला नाही. माजी नेत्यांची छळाबद्दल चौकशी व्हावी का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर सरळ आहे: व्हावी, आणि पक्ष बघून नव्हे तर पद बघून व्हावी. सूड होईल, अशी भीती घालतात. सूड झाला तो जीपगाड्यांच्या वेळी. खऱ्या प्रश्नाला कुणी हात घातला असता तर पुराव्याने बोलावं लागलं असतं. मेलेल्यांना शिक्षा करता येत नाही, हेही मान्य. पण जे जिवंत आहेत, आज माजी आहेत किंवा पुढच्या निवडणुकीनंतर होतील, त्यांना आपला फोन कुणीतरी पुन्हा ऐकणार आहे एवढं कळलं तरी बरंच होईल. जनता सरकारने एक काम मात्र चोख केलं: चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असं ठरवलं. ती दुरुस्ती वगळली तर तुमची सगळी दारं आजही कधीही बंद होतील अशीच आहेत.

कळावे, लोभ होता की नाही ते सांगता येत नाही.

ता. क. हे तुमच्यासाठी नाही, पत्र वाचणाऱ्या मतदारांसाठी आहे. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ ला सही केली, पण मान्यता अजून दिलेली नाही. छळबंदीचं विधेयक २०१० मध्ये लोकसभेने मंजूर केलं आणि ते राज्यसभेत विरून गेलं. विधी आयोगाने २०१७ मध्ये पुन्हा कायदा करा म्हणून सांगितलं. पुढच्या वेळी मतं मागायला कुणी तुमच्या सोसायटीच्या गेटवर आला तर पाण्याच्या टँकरबद्दल विचारून झाल्यावर या सहीबद्दल विचारा. पक्ष कुठलाही असला तरी चालेल, कारण तिच्यानंतर दिल्लीत राज्य केलेल्या प्रत्येकाने ती तशीच ठेवली आहे.

महादेवपुऱ्यातला एक मतदार